ईसीजी चांगला आला, तरी काकूंना घरी का सोडलं नाही

रुग्ण ५८ वर्षांच्या एक काकू. बरीच वर्षं मधुमेह, रक्तदाबाची गोळी चालू, हृदयाचा त्रास पूर्वी कधी नाही. तक्रार एवढीच, की पित्त झालंय. दक्षिण कोकणातल्या एका उपजिल्हा रुग्णालयाच्या अपघात विभागात, म्हणजे सगळे ज्याला कॅज्युअल्टी म्हणतात तिथे, त्या रात्री पावणेनऊला आल्या. ड्युटीवरचा वैद्यकीय अधिकारी मी होतो. ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत.

दुखणं काही दुर्मीळ नव्हतं. पण कॅज्युअल्टीत आलेले नातेवाईक जे जे विचारतात, ज्यावरून चिडतात आणि ज्याला घाबरतात, ते जवळपास सगळं त्या रात्री या एका खाटेभोवती घडलं. आमच्या बाजूने त्याची उत्तरं द्यायला तेव्हा सवड नसते. ती इथे देतो.

घरी गेलेले अडीच तास

संध्याकाळी सव्वासहाच्या सुमारास काकू चुलीपाशी होत्या. अचानक अंगाला दरदरून घाम आला, पोटाच्या वरच्या भागात जड वाटायला लागलं आणि एक उलटी झाली. डाव्या बाजूची दाढ ठणकतेय असंही त्या सुनेला म्हणाल्या. घरच्यांनी पित्तावर जे करतात ते केलं. कोकमाचं आगळ पाण्यातून दिलं, मग पित्ताची गोळी, मग जरा आडवं व्हायला सांगितलं. सातच्या पुढे बरं वाटलं, आठला पुन्हा घाम सुटला. तेव्हा मुलाने शेजाऱ्यांची गाडी मागितली.

यात घरच्यांना दोष देता येत नाही. छातीत कळ येऊन माणूस छाती धरून खाली बसतो, हे चित्र डोक्यात पक्कं असतं आणि काकूंच्या छातीत कळ नव्हतीच. बरीच वर्षं मधुमेह असला की मज्जातंतू बोथट होतात आणि हृदयाचं दुखणं पुरतं जाणवत नाही. बायकांमध्ये तर ते पुष्कळदा पोटात, जबड्यात, पाठीत, किंवा नुसत्या घामाच्या आणि धापेच्या रूपात येतं. हृदयाच्या खालच्या भागाचा झटका असेल तर मळमळ, उलटी पुष्कळदा होते. चाळिशी ओलांडलेल्या मधुमेही माणसाला कारण नसताना घाम फुटला, तर पित्ताचं औषध देण्याआधी ईसीजी काढून घ्यावा. हे मी प्रत्येक मधुमेही रुग्णाच्या नातेवाइकांना सांगत असतो.

दुसरी गोष्ट गाडीची. १०८ ची सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून आहे आणि तिच्या रुग्णवाहिकेत डॉक्टर असतो, ऑक्सिजन असतो. शेजाऱ्यांच्या गाडीत यातलं काही नसतं. अशा झटक्यात पहिल्या तासाभरात हृदयाचे ठोके बिघडून माणूस जागीच कोसळण्याचा धोका सर्वांत जास्त असतो आणि त्या वेळी शॉक देणारं यंत्र हाताशी नसेल तर वाचवणं फार कठीण होतं. तरीही १०८ यायला खूपच वेळ लागणार असेल आणि दारात गाडी उभी असेल, तर वाट बघत बसू नये, असं माझं मत आहे. मात्र रुग्णाला दुचाकीवर मध्ये बसवून आणू नये आणि गाडीपर्यंत चालवतही नेऊ नये. काकूंना पायवाटेने चालवत रस्त्यापर्यंत आणलं होतं.

पहिली दहा मिनिटं

दारात सिस्टरनी त्यांच्याकडे बघितलं आणि सरळ आतल्या खाटेवर घेतलं. केसपेपर नंतर झाला. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरचे पैसे लागत नाहीत, तरी नाव-वय-पत्ता नोंदवावा लागतोच. ते काम मुलाने खिडकीवर केलं, तोवर इकडे तपासणी सुरू होती. रुग्णाला रांगेत उभं करून आधी कागद, मग उपचार, असं तातडीच्या रुग्णाच्या बाबतीत व्हायला नको. तुमच्या बाबतीत होत असेल तर ठासून सांगा, की रुग्णाला आधी बघा, कागद मी करतो.

नाडी मिनिटाला ५२, रक्तदाब १००/६४, ऑक्सिजन ९६, बोटातून काढलेली साखर २६८. घाम फुटलेला माणूस आणि नाडी बावन्न, हे जुळत नाही. घाबरलेल्या माणसाची नाडी पळते. सिस्टरनी तेवढ्यावरूनच ईसीजीचं मशीन ओढून घेतलं.

इथे एक लहानसा प्रसंग घडला. काकूंच्या दोन्ही हातांत काचेच्या बांगड्या होत्या, गळ्यात मंगळसूत्र. ईसीजी म्हटल्यावर सून गडबडून मंगळसूत्र काढायला लागली आणि काकूंनी तिचा हात घट्ट धरला. सिस्टर म्हणाल्या, "राहू दे काकू, काही काढायचं नाही." बांगड्या कोपराकडे सरकवल्या, मनगटाला क्लिप लावल्या, मंगळसूत्र एका बाजूला घेतलं, पडदा ओढला. ईसीजीला दागिने उतरवावे लागत नाहीत, चामडीला नीट चिकटलं की झालं. या भीतीने बायका छातीची तपासणी टाळतात हे मी पाहिलं आहे, म्हणून मुद्दाम लिहितो. तपासताना स्त्री कर्मचारी हजर हवी असं सांगण्याचा हक्क रुग्णाला आहे आणि तसं सांगितल्याचा कोणाला राग येण्याचं कारण नाही.

आठ वाजून बावन्न मिनिटांनी पहिला ईसीजी हातात आला. सात मिनिटं लागली. छातीत दुखणाऱ्या किंवा तसा संशय असलेल्या रुग्णाचा ईसीजी आल्यापासून दहा मिनिटांत निघावा असा जगभरचा दंडक आहे. पट्टी मात्र जवळजवळ साफ होती. बोट ठेवावं असं काही दिसत नव्हतं.

मी ॲस्पिरिनची गोळी चावून खायला दिली, आधी अल्सर, रक्ताची उलटी, ॲस्पिरिनची ॲलर्जी विचारून. शिरेत सुई लावली, ट्रोपोनिनसाठी, म्हणजे हृदयाला इजा झालीय का ते दाखवणाऱ्या तपासणीसाठी, रक्त घेतलं, मॉनिटर जोडला. मग मुलाला आणि सुनेला पुन्हा पहिल्यापासून विचारलं. नेमकं किती वाजता सुरू झालं? मुलगा म्हणाला, "झाले असतील दोनेक तास." सून म्हणाली, "दिवेलागण व्हायची होती, सव्वासहाची एसटी नुकतीच गेलेली." ही वेळ पुढे फार उपयोगी पडली. शिवाय सुनेने येताना गोळ्यांची सगळी पिशवी आणली होती. साखरेच्या दोन गोळ्या, रक्तदाबाची एक, गुडघ्यासाठी मेडिकलमधून आणलेली दुखण्याची एक. नावं पाठ नसली तरी चालतं, पाकिटं घेऊन या. "पांढरी लहान गोळी" एवढ्यावरून आम्हाला काही कळत नाही.

मुलाच्या खिशातही एक गोळी होती. व्हॉट्सॲपवर हृदयाच्या झटक्यासाठी गोळ्यांचा एक संदेश फिरतो, त्यातली जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट. शेजाऱ्यांनी दिलेली. "ठेवू का?" असं त्याने विचारलं हे फार चांगलं झालं, कारण न विचारता ती ठेवली गेली असती तर त्या रात्री मोठी पंचाईत होती. ती का, ते पुढे येईलच.

"आमी आधी इलंव"

काकू आल्या तेव्हा बाहेरच्या बाकावर दहा-अकरा वर्षांचा एक मुलगा बसला होता. दुचाकीवरून पडून कपाळ फुटलेलं, सदरा रक्ताने भरलेला. तो काकूंच्या आधी आला होता. सिस्टरनी त्याला तपासून, जखमेवर दाबून पट्टी बांधून बसवलं होतं. बेशुद्ध पडला नव्हता, उलटी नव्हती, दोन्ही डोळ्यांच्या बाहुल्या सारख्या, बोलणं नीट. टाके घालायचे होते, पण तासाभराने घातले तरी त्याचं काही बिघडणार नव्हतं. वडिलांना मात्र एवढंच दिसत होतं, की आपलं पोर रक्तात न्हालंय आणि मागून आलेली, दिसायला धडधाकट बाई आत गेली. ते दारात येऊन ओरडले, "आमी आधी इलंव! रक्त दिसना नाय तुमका?"

कॅज्युअल्टीत नंबर आल्याच्या क्रमाने लागत नाही. जिवाला धोका कुणाला जास्त, या क्रमाने लागतो. मोठ्या रुग्णालयांत त्यासाठी लाल, पिवळा, हिरवा असे रंग ठरलेले असतात. लाल म्हणजे आत्ता या क्षणी, पिवळा म्हणजे लवकर पण थोडं थांबू शकेल, हिरवा म्हणजे थांबू शकेल. आमच्याकडे रंगाच्या पट्ट्या नाहीत, पण दारातली अनुभवी सिस्टर हेच करते. श्वास अडतोय का, नाडी कशी आहे, शुद्ध आहे का, हे ती आधी बघते. रक्त किती सांडलं आणि ओरडा किती चाललाय हे नंतर. शांत पडलेला, घामेजलेला, न बोलणारा रुग्ण हा आमच्या दृष्टीने बहुतेक वेळा ओरडणाऱ्यापेक्षा जास्त काळजीचा.

मी त्या वडिलांना दोष देत नाही. क्रम असा लागतो हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं आणि ते सांगणं आमचं काम होतं. ब्रदरनी त्यांना बाजूला घेऊन दोन वाक्यांत सांगितलं, मुलाच्या कोणत्या खुणा आपण बघतोय तेही सांगितलं आणि उलटी झाली, झोपाळू वाटला तर लगेच हाक मारा म्हणून बजावलं. ते गप्प बसले. थांबायला सांगताना का थांबायचं आणि काय झालं तर थांबायचं नाही, या दोन्ही गोष्टी सांगितल्या तर बहुतेक माणसं थांबतात. डॉक्टरांवर आणि रुग्णालयांवर हल्ला करणाऱ्यांसाठी महाराष्ट्रात २०१० पासून वेगळा कायदा आहे, तो असायलाच हवा. पण दारात उभं राहून समजावून सांगणारा एक माणूस प्रत्येक पाळीला मिळाला, तर त्या कायद्याची गरज फार कमी वेळा पडेल असं मला मनापासून वाटतं.

त्या मुलाची केस एमएलसी, म्हणजे मेडिको-लीगल केस, म्हणून नोंदवली. अपघात, विषबाधा, भाजणं, मारहाण अशा प्रकरणांत आम्ही पोलिसांना कळवतो. त्यासाठी उपचार थांबत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा खटल्यात १९८९ सालीच सांगितलं आहे, की जीव वाचवणं आधी, पोलिसी सोपस्कार नंतर, आणि हे सरकारी, खासगी सगळ्या डॉक्टरांना लागू आहे. त्या मुलाला उचलून आणणारा एक अनोळखी तरुण साक्षीला अडकू म्हणून निघण्याच्या घाईत होता. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात १३४-अ कलम आलं, त्यामुळे जखमीला मदत करणाऱ्याला नाव-पत्ता सांगायची सक्ती करता येत नाही. हे ऐकल्यावर तो थांबला आणि मुलगा कसा पडला ते नीट सांगून गेला. टाके घालणाऱ्या डॉक्टरला त्या सांगण्याचा उपयोग होतो.

सही करून नेतो

नऊ वीसला ट्रोपोनिनच्या कार्ड टेस्टचा, म्हणजे झटपट किटवरच्या तपासणीचा, निकाल आला, निगेटिव्ह. काकूंचा घाम कमी झाला होता. त्या उठून बसायला बघत होत्या. "माका बरां वाटता, घराक जाव्या."

काकूंचा मुलगा माझ्याकडे आला. ईसीजी नॉर्मल, रक्त नॉर्मल, आईला बरं वाटतंय, घरी जनावरं बांधायची राहिलीत. "डॉक्टर, सही करून नेतो मी. कायच नाय तर थांबवताय कशाला?"

असा प्रश्न जवळपास रोज येतो आणि तो वाजवी आहे. मी त्याला जे सांगितलं ते थोडक्यात असं. ईसीजी हा त्या दहा सेकंदांचा फोटो असतो. रक्तवाहिनीत गुठळी अर्धवट अडकली असेल तर नळात कचरा अडकल्यासारखं होतं, प्रवाह कधी थांबतो, कधी सुटतो. सुटलेल्या वेळी काढलेला ईसीजी साफ दिसू शकतो. ट्रोपोनिन हे हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात झिरपतं, पण आमच्याकडच्या कार्डवर दिसेल एवढं साठायला तीन-चार तास किंवा त्याहून जास्त लागतात. त्रास सव्वासहाला सुरू झाला, रक्त नऊला घेतलं. सून वेळ नेमकी सांगू शकली म्हणून मला कळलं, की हा निगेटिव्ह निकाल भरवशाचा नाही. दोन-तीन तासांनी पुन्हा रक्त आणि तोवर दर पंधरा-वीस मिनिटांनी ईसीजी, एवढं झाल्याशिवाय मी "काही नाही" म्हणू शकत नाही.

सल्ला न मानता रुग्णाला घरी नेण्याचा अधिकार असतो आणि तशी सही घ्यायला आम्ही नाही म्हणत नाही. पण ती सही करण्याआधी एक विचारा. कोणत्या आजाराचा संशय आहे, घरी गेल्यावर काय होऊ शकतं आणि काय दिसलं तर परत यायचं? उत्तर मिळेपर्यंत सही करू नका. मुलाने हे विचारलं. मी म्हणालो, हृदयाचा झटका, आणि घरी गेल्यावर वाटेत हृदय बंद पडू शकतं. तो थांबला.

नऊ पंचवीसला दुसरा ईसीजी काढला. काकू अजूनही बरं वाटतंय म्हणत होत्या. दोन, तीन आणि एव्हीएफ या तिन्ही लीडमध्ये, म्हणजे हृदयाकडे खालच्या बाजूने बघणाऱ्या ईसीजीच्या पट्ट्यांमध्ये, रेघ वर उचललेली होती. हृदयाच्या खालच्या भिंतीचा झटका. छातीच्या उजव्या बाजूला लीड लावून पुन्हा काढला, तर उजव्या कप्प्यालाही मार बसलेला दिसला. तोवर रक्तदाब ९०/५८ वर आला.

सॉर्बिट्रेटची गोष्ट इथे येते. ती गोळी शिरा सैल करते आणि हृदयाकडे परत येणारं रक्त कमी करते. उजवा कप्पा अशक्त झालेला असताना त्याला नेमकं तेच रक्त हवं असतं. जिभेखाली ती गोळी गेली असती तर रक्तदाब धाडकन पडला असता. अशा रुग्णाला उलट सलाइन द्यावं लागतं, काकूंना आम्ही तेच दिलं. स्वतःच्या डॉक्टरने लिहून दिलेली नसेल तर ही गोळी कुणाच्याही जिभेखाली ठेवू नये, संदेश कितीही जणांनी पाठवलेला असो.

इंजेक्शन की कोल्हापूर

बंद झालेली रक्तवाहिनी उघडण्याचा सर्वांत चांगला मार्ग अँजिओप्लास्टी, म्हणजे बारीक नळी घालून फुग्याने ती उघडणं. पण निदान झाल्यापासून दोन तासांच्या आत ती होणार असेल तरच तिच्यासाठी थांबायचं. त्यासाठी लागणारी कॅथलॅब आमच्याकडे नाही. रात्री घाट चढून कोल्हापूर गाठायचं म्हणजे दोन तास वाटेतच जाणार. अशा वेळी गुठळी विरघळवणारं इंजेक्शन इथेच द्यायचं आणि मग पाठवायचं. वाट बघत राहिलेलं प्रत्येक मिनिट स्नायू मारत असतं.

टेनेक्टेप्लेज हे ते इंजेक्शन. वजनावर मात्रा ठरते, काकूंचं वजन ६२ किलो, म्हणून ३५ मिलिग्रॅम, एकाच दमात शिरेतून. बाजारात ते हजारो रुपयांचं आहे, आमच्या साठ्यात होतं. देण्याआधी प्रश्नांची यादी असते. पूर्वी पक्षाघात, मेंदूत रक्तस्राव? अलीकडे ऑपरेशन, डोक्याला मार? कुठून रक्त जातंय? आणि काकू दाढेची तक्रार करत होत्या, म्हणून मी खास विचारलं, दाढ काढून घेतली का या आठवड्यात? नव्हती काढली. ती दाढ म्हणजे हृदयाचंच दुखणं होतं, जबड्यात उतरलेलं.

संमतीपत्र वाचून दाखवताना मी आकडा लपवला नाही. या औषधाने शंभरात सुमारे एकाला मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. मुलाचा चेहरा उतरला. त्याने विचारलं, "नाय दिलां तर?" न दिलं तर हृदयाचा मोठा भाग निकामी होईल, जीवही जाऊ शकेल आणि तो धोका यापेक्षा पुष्कळ मोठा आहे, हे सांगितलं. काकू शुद्धीवर होत्या, म्हणून त्यांनाही सांगितलं. हे फार वेळा राहून जातं. नातेवाइकांना कोपऱ्यात नेऊन बोलतात आणि जिच्या शिरेत औषध जाणार तिला कुणी विचारत नाही. काकूंनी डोळ्यांनीच हो म्हटलं, मुलाने सही केली, रक्त गोठू न देणारं क्लोपिडोग्रेल आणि हेपारिन गेलं, नऊ त्रेचाळीसला इंजेक्शन.

पाऊण तासाने मॉनिटर ओरडायला लागला. पडद्यावर रुंद, वेडेवाकडे ठोके. सून रडायला लागली. रक्तवाहिनी उघडताना हृदयाचे ठोके काही मिनिटं असे येतात, बहुतेकदा आपोआप थांबतात आणि ते बरेचदा चांगलं लक्षण असतं. आम्ही शॉकचं यंत्र जवळ ओढून, रक्तदाब बघत उभे राहिलो. ठोके पूर्ववत झाले. मॉनिटर वाजला म्हणजे प्रत्येक वेळी संकट नसतं, कित्येकदा नुसती बोटावरची क्लिप निसटलेली असते. पण तो वाजला आणि कुणी आलं नाही तर हाक मारायला संकोच करू नका.

इंजेक्शनला दीड तास झाल्यावरच्या ईसीजीत उचललेली रेघ निम्म्याहून जास्त खाली आली होती. दाढेचं दुखणं थांबलं होतं.

इंजेक्शन लागू पडलं तरी पुढच्या चोवीस तासांत अँजिओग्राफी, म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिन्यांची तपासणी, करून घ्यायची असते. पावणेबाराला १०८ च्या ॲडव्हान्स रुग्णवाहिकेतून काकू निघाल्या. बरोबर डॉक्टर, शॉकचं यंत्र, सगळे ईसीजी, दिलेल्या प्रत्येक औषधाची वेळ लिहिलेलं पत्र. पाठवताना पुढच्या रुग्णालयाशी फोनवर बोलणं झालंय का, खाट आहे का, हे नातेवाइकांनी विचारलंच पाहिजे. नुसती "पुढे न्या" म्हणून चिठ्ठी दिली असेल तर ती पुरेशी नाही.

पैशांचा विषय मुलाने गाडीत चढताना काढला. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता रेशनकार्डाच्या रंगाची अट उरलेली नाही, कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे आणि अँजिओप्लास्टी तिच्यात बसते. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, त्याला आधी भेटायचं. तातडीच्या रुग्णाला फोनवरून मंजुरी घेऊन दाखल करता येतं, कागद मागून दिले तरी चालतात. चौकशीचा टोल फ्री क्रमांक १५५३८८. रेशनकार्ड घरी राहिलं होतं, भावाने त्याचा फोटो रात्रीच पाठवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी हृदयाच्या उजव्या रक्तवाहिनीत एक स्टेंट, म्हणजे ती उघडी ठेवणारी जाळीची नळी, टाकला. पाचव्या दिवशी काकू घरी आल्या. तीन आठवड्यांनी मुलगा त्यांना घेऊन आमच्या ओपीडीत आला, इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, हृदयाचं पंपिंग ५० टक्के होतं, म्हणजे जेमतेम कमी. त्याला विचारायचं होतं, की रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्यांपैकी एक आता बंद केली तर चालेल का, महाग पडते. नाही चालणार, स्टेंट टाकल्यावर साधारण वर्षभर दोन्ही चालू ठेवायच्या, मध्येच सोडली तर स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते. त्यातली एक आमच्या औषधखिडकीवर मोफत मिळते, दुसरीसाठी जेनेरिकचं नाव लिहून दिलं. गुडघ्याची दुखण्याची गोळी मात्र बंद केली, हृदयाला आणि मूत्रपिंडाला ती बरी नाही. साखर अजून दोनशेच्या वरच होती. तिच्यासाठी पंधरा दिवसांनी परत बोलावलं आहे.